जिद्द पुरे, खुर्चीचे माप सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला कर्ट फर्नली या ऑस्ट्रेलियन व्हीलचेअर शर्यतपटूवरचा लेख आम्ही आवडीने वाचला. पापुआ न्यू गिनीतली कोकोडाची ९६ किलोमीटरची डोंगरवाट त्याने २००९ मध्ये रांगत पार केली, हे त्यात सविस्तर होते. जिद्द होती, नियतीवर मात होती. ज्या खुर्चीत गुडघे दुमडून हा माणूस दोन दशके शर्यती जिंकत राहिला, ती खुर्ची मात्र छायाचित्रापुरतीच होती. फलंदाजावर लेख असला की बॅटचे वजन, मुठीची जाडी, सगळे छापून येते. मग इथे चाकांचा कल आणि हाताने ढकलायच्या रिमचा व्यास का येऊ नये?

ग्वाल्हेरकरांना या प्रश्नाची निकड अधिक आहे. दिव्यांगांच्या क्रीडाप्रशिक्षणासाठी केंद्र सरकारने उभारलेले अटलबिहारी केंद्र आमच्या शहरात आहे. शारीरिक शिक्षणाची लक्ष्मीबाई संस्था तर १९५७ पासून आहे. जागा आहे, इमारत आहे, शिकवणारे आहेत. व्हीलचेअर शर्यतीसाठी पैसा खर्च करताना तो कोणत्या क्रमाने करावा, हे फर्नलीच्या कारकिर्दीतून शिकता येते. ते शिकायचे तर जिद्दीची गोष्ट थोडी बाजूला ठेवावी लागेल.

आधी कारकीर्द थोडक्यात. जन्म १९८१. न्यू साउथ वेल्समधल्या कारकोर या चिमुकल्या गावात तो वाढला. कण्याचा खालचा भाग त्याला जन्मतःच नाही. त्याच्या शर्यतीच्या खुर्चीसाठी आणि प्रवासासाठी गावाने वर्गणी काढली. २००० च्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये ८०० मीटर आणि ४ x १०० रिले अशी दोन रौप्यपदके. २००४ मध्ये अथेन्सला ५००० मीटर आणि मॅरेथॉन, दोन्हीत सुवर्ण. २००८ मध्ये बीजिंगला पुन्हा मॅरेथॉनचे सुवर्ण. सिडनी ते रिओ अशा पाच स्पर्धांत मिळून १३ पदके: ३ सुवर्ण, ७ रौप्य, ३ कांस्य. न्यूयॉर्क मॅरेथॉन २००६ ते २००९ अशी सलग चार वेळा आणि मग २०१४ मध्ये पाचव्यांदा. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीत, म्हणजे आमच्यापासून जेमतेम सव्वातीनशे किलोमीटरवर, त्याने टी-५४ गटात (टी-५१ ते टी-५४ हे गट खेळाडूच्या स्नायूंच्या साथीनुसार पडतात; आकडा मोठा तितकी साथ जास्त) १५०० मीटरचे सुवर्ण घेतले. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलातली मॅरेथॉन जिंकली आणि ऑस्ट्रेलियाचा पोशाख उतरवला.

या यादीतली अथेन्सची मॅरेथॉन आमच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. मॅरेथॉन गावातून निघालेला तो रस्ता मधला बराच भाग चढत जातो आणि शेवटी उतरून जुन्या संगमरवरी स्टेडियममध्ये शिरतो. साधारण पाच किलोमीटर उरले असताना फर्नलीच्या टायरची हवा गेली आणि तो तसाच पुढे जाऊन पहिला आला. वर्तमानपत्रांनी याला धैर्य म्हटले. ते होतेच. पण शर्यतीच्या खुर्चीत हवा जाते तेव्हा नेमके काय घडते? या खुर्चीचे टायर ट्युब्युलर असतात, म्हणजे ट्यूब टायरच्या आतच शिवलेली आणि अख्खा टायर रिमला सिमेंटने, म्हणजे टायरच्या खास गोंदाने, चिकटवलेला. दाब १४० पौंडांच्या पुढे. मागच्या एका चाकाची हवा गेली की खुर्ची त्या बाजूला ओढते, आणि ती सरळ ठेवायची तर त्या हाताने प्रत्येक धक्क्याला जास्त जोर लावावा लागतो. चिकटवण सैल असेल तर पहिल्याच वळणावर टायर रिमवरून निघतो आणि शर्यत तिथेच संपते. पंक्चर टायरवर पाच किलोमीटर तेव्हाच जाता येते, जेव्हा तो टायर कोणीतरी आधी नीट चिकटवलेला असतो.

ते चिकटवणे असे. नवा टायर कोऱ्या रिमवर चढवून, हवा भरून रात्रभर ताणून ठेवायचा. जुन्या सिमेंटचे पापुद्रे खरवडून रिम पुसायची. रिमवर सिमेंटचे दोन किंवा तीन पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा. टायरच्या आतल्या पट्टीवर एक हात. मग व्हॉल्व्हपासून सुरुवात करून दोन्ही अंगांनी सारखा ताण देत टायर बसवायचा, थोडी हवा भरून तो रिमच्या मध्ये आला की नाही ते चाक फिरवून पाहायचे, पुरता दाब भरायचा आणि चोवीस तास खुर्ची वापरायची नाही. घाईत एकच जाड थर देणारे बरेच असतात. तो वरून वाळतो आणि आत ओलाच राहतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, खुर्ची उन्हात उभी राहिली की हे सिमेंट मऊ पडते. शिवाय टायर २५ अंशांना भरला आणि उन्हात ५५ अंशांवर गेला तर आतला दाब सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. म्हणून उन्हाळ्यात हवा सरावाच्या जागी पोहोचल्यावरच भरावी. मुरार आणि शहराच्या कडेच्या रस्त्यांवर सराटे आणि बाभळीचे काटे मुबलक. सरावाच्या टायरमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घातल्याशिवाय बाहेर पडू नये. सीलंटने वजन थोडे वाढते, सरावात ते चालते.

आता खुर्ची. जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्सचे नियम मोजके आहेत. मागे दोन मोठी चाके, टायरसह व्यास जास्तीत जास्त ७० सेंटीमीटर. पुढे एक लहान चाक, जास्तीत जास्त ५० सेंटीमीटर. प्रत्येक मोठ्या चाकाला एकच साधी गोल हँडरिम, म्हणजे हाताने ढकलायची कडी (पुढे नुसते ‘रिम’ म्हटले आहे ती हीच). गिअर नाही, तरफ नाही. हा सगळा सांगाडा आठ ते दहा किलोंचा. गिअर नसल्यामुळे हँडरिमचा व्यास हाच खेळाडूचा एकमेव गिअर, आणि तो शर्यतीत बदलता येत नाही. ७० सेंटीमीटरच्या चाकाला ३८ सेंटीमीटरची रिम असेल तर ताशी ३२ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला सुमारे ८.९ मीटरला, रिमचा काठ सेकंदाला ४.८ मीटर वेगाने पळत असतो. हाताला तेवढ्या वेगाने त्याला गाठून ढकलावे लागते. रिम ३५ सेंटीमीटरची घेतली तर हाच वेग ४.४५ वर येतो, हाताला गाठायला सोपे. पण सुरुवातीला आणि चढावर तीच रिम जड जाते. स्विस शर्यतपटू मार्सेल हगने २०२१ मध्ये जपानमधल्या ओइता इथे मॅरेथॉन १ तास १७ मिनिटे ४७ सेकंदांत काढली, सरासरी ताशी साडेबत्तीस किलोमीटर. न्यूयॉर्कच्या पुलांवर मात्र फर्नलीचा २००६ मधला १ तास २९ मिनिटे २२ सेकंदांचा विक्रम २०२२ पर्यंत टिकला, तोही पुढे हगनेच मोडला. दोन वेळांतला फरक रस्त्याचा आहे. म्हणून नवशिक्याला सपाट ट्रॅकवर बघून जी रिम दिली जाते ती रस्त्यावर जड ठरू शकते. सुरुवातीला मोठी रिम द्यावी, वेग वाढला की लहान.

बैठकीचे माप घेताना कमरेची रुंदी बसलेल्या स्थितीत घ्यायची, उभ्याने किंवा झोपवून नाही. बैठक हाताच्या पंजालाही जागा राहू नये इतकी घट्ट हवी, नाहीतर धक्का दिला की शरीर खुर्चीत सरकते आणि जोर रिमपर्यंत पोहोचत नाही. शर्यतीच्या स्थितीत पुढे वाकून हात सरळ खाली सोडले की मूठ रिमच्या तळाशी पोहोचली पाहिजे. वर राहिली तर धक्क्याचा शेवटचा, सर्वांत वेगवान भाग हातातून जातो. कोपर फार वाकून राहिले तर बैठक खोल आहे. वजन मागे जास्त असेल तर चढावर पुढचे चाक उचलले जाते. किल्ल्याच्या उरवाई दरवाजाच्या रस्त्यावर असली खुर्ची माणसासकट मागे उलटेल. वजन पुढे जास्त असेल तर पुढचे चाक दबून राहते आणि वळणे जड होते.

सर्वांत जास्त वेळ खाणारी आणि सर्वांत कमी लोकांना दिसणारी चूक चाकांच्या समांतरपणाची असते. मागची चाके वरच्या बाजूला आत झुकलेली असतात, साधारण १० ते १२ अंश. हा कल दंडाला रिमजवळ आणतो आणि वळणावर खुर्ची स्थिर ठेवतो. कल असला तरी आसाच्या उंचीवर मोजले तर दोन्ही चाकांमधले अंतर पुढे आणि मागे सारखेच हवे. दोन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. त्याच्या पुढे गेला की दोन्ही टायर रस्त्यावर तिरके घासत जातात आणि खेळाडू प्रत्येक धक्क्याचा काही भाग रबर झिजवण्यात घालवतो. गंमत अशी, की हा फरक मागच्या चाकांना हातही न लावता पडतो. पुढचे चाक बदलून थोडे मोठे बसवले, फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) बदलला, की सांगाड्याचे नाक वर जाते. आसाची नळी त्याच्याबरोबर मागे वळते. आणि कललेली चाके पुढच्या बाजूला फाकतात. १२ अंशांच्या कलाला सांगाडा एक अंश जरी वर झाला तरी पुढच्या आणि मागच्या अंतरात सुमारे पाच मिलिमीटरचा फरक पडतो. नाक खाली गेले तर तेवढीच चाके पुढे मिटतात. परदेशातून आलेल्या जुन्या खुर्च्यांना इथे मिळेल ते पुढचे चाक लावले जाते, आणि मग ‘खेळाडूत दम नाही’ असा निष्कर्ष निघतो.

तपासायची रीत अवघड नाही. फरशी सपाट हवी, टायरमध्ये शर्यतीचा दाब हवा आणि खेळाडू खुर्चीत बसलेला हवा, कारण वजनाने सांगाडा थोडा वाकतो. दोन्ही मागच्या चाकांवर, टायर बसतो त्या कडेला, आतल्या बाजूने खडूने एकेक खूण करायची. खुणा पुढे, आसाच्या उंचीवर आणून त्यांच्यातले अंतर मोजायचे. मग खुर्ची अर्धा फेरा ढकलून त्याच खुणा मागे आणायच्या आणि पुन्हा मोजायचे. तीच खूण वापरल्यामुळे चाक थोडे वाकडे असले तरी माप चुकत नाही. फरक आला तर आसाच्या नळीचा क्लॅम्प सैल करून नळी किंचित फिरवायची, क्लॅम्प आवळून पुन्हा मोजायचे, आणि बरोबर झाल्यावर नळी आणि सांगाड्यावर मिळून एक रेघ मारून ठेवायची. विमानातून किंवा रेल्वेतून खुर्ची आणल्यानंतर ती रेघ सर्वांत आधी बघावी.

वळणाचे यंत्र, ज्याला कॉम्पेन्सेटर म्हणतात, तेही असेच दुर्लक्षित. ट्रॅकवर वळण आले की खेळाडू एका दांडीवर हाताने टपली मारतो, पुढचे चाक ठरावीक कोनात वळते. वळण संपले की दुसऱ्या बाजूने टपली, चाक सरळ. मधल्या सगळ्या वेळात हात रिमवरच राहतात. ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या मार्गिकेच्या वळणाची त्रिज्या सुमारे ३६.५ मीटर असते, बाहेरच्या मार्गिकांची त्याहून मोठी. म्हणून कोन थांबवणारा स्क्रू मार्गिकेप्रमाणे बदलावा लागतो: खुर्ची वळणावर नुसती घरंगळत सोडायची, ती आत शिरते की बाहेर जाते ते पाहायचे, स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुन्हा सोडायची. रस्त्यावर त्याचा वेगळा उपयोग. आपला रस्ता पाणी वाहून जावे म्हणून डाव्या कडेला उतरता असतो आणि आपण डावीकडूनच जातो, त्यामुळे खुर्ची सतत डावीकडे घसरते. कॉम्पेन्सेटर केसभर उजवीकडे ठेवला की डाव्या खांद्याची सुट्टी होते.

हातमोज्यांबद्दल तर कोणीच लिहीत नाही. उघड्या हाताने रिम ढकलली जात नाही, ती मुठीने ठोसून फिरवली जाते, अंदाजे घड्याळाच्या एकपासून सातपर्यंत. आता बहुतेक जण कडक प्लॅस्टिकचे मोजे वापरतात, आणि ते घरी करता येतात. यासाठी मिळणारे प्लॅस्टिकचे दाणे साधारण ६० अंशांना मऊ होतात. पाणी ६५ ते ७० अंशांवर ठेवायचे. दाणे पांढऱ्याचे पारदर्शक झाले की एकत्र मळून हातात पातळ सुती मोजा घालून त्यावर दाबायचे, अंगठा तर्जनीवर टेकवून मूठ वळायची, आकार धरला की गार पाण्यात धरायचे. मग कानशीने कडा घासून, अंगठ्याच्या आणि पहिल्या दोन बोटांच्या रिमला लागणाऱ्या बाजूवर रबराची पट्टी चिकटवायची. टाकून दिलेली ट्यूब चालते. ज्यांच्या बोटांना संवेदना कमी आहे, म्हणजे टी-५१ आणि टी-५२ गटातले बरेच खेळाडू, त्यांच्या हातावर हा गोळा ठेवण्याआधी दुसऱ्याने स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहावा. त्यांना भाजलेले कळत नाही. मोजा सैल झाला तर फोड येतात, अंगठ्याशी जाड झाला तर रिम निसटते. आणि ग्वाल्हेरचा खास इशारा: मे महिन्यात बंद गाडीत हे मोजे विसरू नका. काचा लावलेल्या गाडीत ६० अंश सहज होतात आणि परत येईपर्यंत मुठीचा आकार गेलेला असतो.

त्वचेची आणि उन्हाची काळजी यावर डॉक्टरांनी सविस्तर लिहावे. आम्ही दोनच गोष्टी सांगतो. कण्याला इजा झालेल्यांना इजेच्या खाली घाम नीट येत नाही, त्यामुळे एप्रिलपासून सराव पहाटेच व्हावा आणि अंगावर पाणी फवारण्याची बाटली सोबत असावी. नव्या खुर्चीत पहिले काही दिवस पंधरा-वीस मिनिटांनी उतरवून गुडघे, नडग्या आणि बैठक तपासावी. लाली दाबूनही जात नसेल तर त्या दिवशी सराव बंद.

पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये भारताला २९ पदके मिळाली, त्यांतली १७ अ‍ॅथलेटिक्समध्ये. व्हीलचेअर शर्यतीत एकही नाही. यात आश्चर्य नाही. एक भाला दहा मुले फेकू शकतात. शर्यतीची खुर्ची काही लाखांना पडते आणि ती एकाच्याच मापाची असते. संस्था मग एकाच मधल्या मापाच्या चार-सहा खुर्च्या घेतात, त्या कोणालाच नीट बसत नाहीत, आणि वर्षभरात कोठीत जातात. म्हणून आमची सूचना अशी की अटलबिहारी केंद्राने आणि शहरातल्या इतर संस्थांनी पहिला पैसा खुर्चीवर घालूच नये. आधी दुरुस्तीची एक खोली: सिमेंट, टायर, मापाच्या पट्ट्या, दाब दाखवणारा चांगला पंप, चाक सरळ करायचा स्टँड. लष्कर भागातल्या जुन्या सायकल मिस्त्रींपैकी दोघांना तिथे रीतसर पगारावर घ्यावे. ज्याने रेसिंग सायकलचे ट्युब्युलर चढवले आहेत त्याला या कामाचा निम्मा भाग येतोच. मग रोलर, म्हणजे खुर्ची जागच्या जागी पळवायचे साधन. हा दोन नळकांड्यांचा सांगाडा इथल्या कोणत्याही चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून होतो. चाके तळाशी फाकलेली असतात, त्यामुळे नळकांडे मीटरभर तरी लांब हवे, आणि व्यास जितका मोठा तितका टायर कमी तापतो. जानेवारीच्या धुक्यात आणि जूनच्या दुपारी सराव चालू राहतो तो याच्यावर. तिसऱ्या क्रमांकाला बैठकीची रुंदी बदलता येणाऱ्या दोन शिकाऊ खुर्च्या, दोन-तीन मापांच्या रिमसह. मुलगा किंवा मुलगी त्यावर सहा महिने टिकली, की मगच तिच्या मापाची खुर्ची. रस्त्याच्या सरावासाठी मेळा मैदानातले रुंद रस्ते आहेत; मेळा नसतो तेव्हा ते सकाळी मोकळे असतात. प्रशासनाने तिथल्या गटारांच्या जाळ्या आडव्या बसवल्या तर फार बरे, कारण उभ्या फटीत वीस इंची अरुंद चाक अडकते.

आणि शिकवणारे हात. लुईस सोवाज ही फर्नलीच्या आधीची ऑस्ट्रेलियन व्हीलचेअर शर्यतपटू. नऊ पॅरालिम्पिक सुवर्णपदके, सिडनीत २००० मध्ये ज्योतही तिनेच पेटवली. निवृत्तीनंतर ती प्रशिक्षक झाली आणि मॅडिसन डी रोझारियोला तिने घडवले. रोझारियोने २००८ मध्ये चौदाव्या वर्षी रिलेत रौप्य मिळवले होते. टोकियोत तिने ८०० मीटर आणि मॅरेथॉन जिंकली, मॅरेथॉन तर एका सेकंदाने. (आमच्यात फर्नलीपेक्षा तिचे चाहते जास्त आहेत.) फर्नलीला दीर्घकाळ अँड्र्यू डॉज यांनी शिकवले, तेच सोवाजचेही प्रशिक्षक होते. एका पिढीने रिम, मोजे आणि वळणे पुढच्या पिढीच्या हातात दिली. आपल्याकडे शर्यत सोडलेला खेळाडू नोकरीला लागतो आणि त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. केंद्राने अशा जुन्या खेळाडूंना मानधनावर बोलवावे.

शेवटी आपल्या क्रीडा विभागाला एक विनंती. व्हीलचेअर शर्यतीचा निकाल छापताना गट आणि वेळ दोन्ही छापावे. टी-५३ च्या खेळाडूला पोटाचे आणि पाठीचे स्नायू साथ देत नाहीत, टी-५४ च्या खेळाडूला ते पूर्ण किंवा काही प्रमाणात असतात, त्यामुळे त्यांच्या वेळा शेजारी ठेवून कोण ‘मागे पडला’ असे लिहिता येत नाही. रोझारियो टोकियोत ८०० मीटर टी-५३ मध्ये धावली आणि मॅरेथॉन टी-५४ मध्ये, म्हणजे आपल्याहून जास्त स्नायू असलेल्यांच्या गटात. आपल्या बातमीत ‘दुहेरी सुवर्ण’ एवढेच होते.

आपले,
व्हीलचेअर शर्यतीच्या तयारीशी आणि दुरुस्तीशी संबंधित काही वाचक,
लष्कर, ग्वाल्हेर